डब्यातच म्हातारे झालेले बूट

गेल्या माघात गावच्या मंडळींसोबत पायदळ शेगावला निघालो. मूर्तिजापूर तालुक्यातलं आमचं गाव, महाराजांच्या प्रकटदिनाला पोचायचं, 90 किलोमीटरच्या आसपास चाल. आधीच्या दोन वाऱ्या चपलेवर केल्या होत्या, टाचा फाटून रक्त आलं होतं. म्हणून यंदा बूट घ्यायचे ठरवले, आणि तिथंच नडलो.

तालुक्याच्या बाजारातल्या एका दुकानदारानं माळ्यावरून डबा काढला, फडक्यानं धूळ झटकली. (ती धूळ पाहूनच मी उठायला पाहिजे होतं.) डब्यावर 3,999 रुपये छापलेलं. "तुमच्यासाठी 1,400, भाऊ. माल एकदम कंपनीचा. हे बूट नाई, रणगाडा हाय!" 9 नंबर मागितला तर अंगठा थोडा टेकत होता. "चालून चालून सैल होते," म्हणाला. मीही मान डोलावली. सकाळची वेळ होती, पाय हलका होता. दिवसभर चालल्यावर पाय सुजून मोठा होतो हे मला दोन वाऱ्यांनंतर तरी कळायला हवं होतं. बिल मागितलं, तर वहीचा कागद फाडून त्यावर नुसता आकडा लिहून दिला.

पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी बोरगाव मंजू ओलांडलं आणि उजव्या टाचेखाली काहीतरी दबल्यासारखं वाटू लागलं. खडा असेल म्हणून बूट झटकला. खडा नव्हता. तळ आणि वरचा भाग यांच्या मधला जाड थर शिळ्या भाकरीसारखा भुगा होऊन गळत होता. बोटानं दाबला तर बोट आत गेलं. अर्ध्या तासात रबराचा तळ जीभ बाहेर काढल्यासारखा लोंबायला लागला. डाव्या अंगठ्याचं नख तोवर काळंनिळं झालं होतं.

अकोल्यात शिरताना रस्त्याकडेला एक चांभारकाका बसले होते. त्यांनी बूट हातात घेतला, भुगा चिमटीत चोळला आणि परत दिला. "याले सोल्यूशन लावून काय करू, बापू? चिकटवाले खाली काई उरलंच नाई. डब्यातच म्हातारा झाला हा." त्यांचं म्हणणं खरं होतं. पुष्कळ बुटांमधला तो मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो वर्षानुवर्षं आतून विरत जातो, बूट एकदाही पायात घातला नाही तरी. वरून मात्र नवाकोरा दिसतो. पुढचा रस्ता 250 रुपयांच्या कॅनव्हासच्या बुटावर काढला, एक नंबर मोठा घेऊन.

घरी आल्यावर डब्यावरचं किमतीचं स्टिकर ओलं करून सोललं. खाली दुसरं स्टिकर, त्यावर बनवल्याचा महिना: मार्च 2017. आणि बुटाच्या जिभेवर आत 8 नंबर! म्हणजे डबा एका जोडीचा, बूट दुसऱ्याच जोडीचे.

दुकानात गेलो तर, "चालल्यावर बूट झिजनारच ना भाऊ. अन् बिल कुठं हाय?" ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन लावला. तिथंही पहिला प्रश्न बिलाचाच. मागितल्यावर बिल न देणं 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे, आणि बिलात मुदत लिहिली नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घेणं दुकानदाराला टाळता येत नाही. पण माझ्या हातात फक्त वहीचा चिटोरा.

यंदा कोणी वारीसाठी बूट घेत असाल तर संध्याकाळी जा, घरचे मोजे घालून जा. नंबर डब्यावरचा नको, जिभेवरचा वाचा. स्टिकरवर स्टिकर असेल तर वरचं नखानं उचकटा, दुकानदार ओरडला तरी. मधला थर अंगठ्यानं जोरात दाबा, तळ दोन्ही हातांनी वाकवा. बारीक भेगा दिसल्या किंवा हाताला चिकट लागलं तर परत ठेवा. आणि निघायच्या महिनाभर आधी घेऊन रोज शेतापर्यंत घालून जा, म्हणजे फुटायचे असतील तर घराजवळ फुटतील.

परवा त्या बाजारात गेलो होतो. त्याच माळ्यावर तसेच सहा-सात डबे आहेत. स्टिकर नवे आहेत, किंमत आता 4,499.