क्रँकशाफ्टचे ऑइल सील बदलण्याचे काम : वाडीतील एका गॅरेजचा अनुभव

नागपुरात अमरावती मार्गावर, वाडीतील ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे असलेल्या एका लहानशा गॅरेजमध्ये आमच्या जुन्या पेट्रोल गाडीच्या क्रँकशाफ्टची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुढची आणि मागची अशी दोन्ही ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, बदलून घेतली. काम उत्तम झाले, हिशेब मात्र ढिसाळ होता.

इंजिनातून तेल गळत होते. अन्यत्र दाखवले तेव्हा जाड ऑइल भरून गाडी चालवत राहण्याचा सल्ला मिळाला होता. येथील मिस्त्रींनी इंजिनाची खालची बाजू आधी धुऊन काढली, गाडी फिरवून आणायला सांगितली आणि मगच तेल कोठून येते ते पाहिले. ही पायरी महत्त्वाची आहे, कारण व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून गळणारे तेल इंजिनाच्या मागच्या अंगाने ओघळत बेल हाउसिंगपर्यंत (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या आवरणापर्यंत) येते आणि मागचे सील गेल्याचा भास होतो. तेथेच गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधूनही तेल येऊ शकते, मात्र गिअर ऑइलचा उग्र, गंधकासारखा वास ओळखू येतो. आमच्या गाडीत दोष क्रँकच्या सीलचाच निघाला. तरीही मिस्त्री म्हणाले, "सील खराब झालं म्हणून तेल येऊन राहिलं, भाऊ, पण सील खराब कायले झालं ते पाहू ना आधी." त्यांनी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधले, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीतले, वायू बाहेर जाऊ देणारी झडप) काढून दाखवला, तो काजळीने पूर्ण चिकटलेला होता. पिस्टनच्या कडेने खाली उतरणाऱ्या वायूंना वाट मिळाली नाही की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते. तो व्हॉल्व्ह तसाच ठेवून नवे सील बसवले असते, तर तेही फार टिकले नसते. नागपूरच्या उन्हाळ्यात बोनेटखाली रबर आधीच कडक होत असते, त्यात ही भर.

मागचे सील फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकावरील जड चाकाच्या, आड असते, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. काहीशे रुपयांच्या वस्तूसाठी मजुरी तिच्या अनेक पट का होते, याचे उत्तर येथेच आहे. एवढे उघडल्यावर तेलाने माखलेली क्लच प्लेट आणि आवाज करणारे रिलीज बेअरिंग तसेच परत बसवणे मला पटले नसते, म्हणून तेही बदलले. पुढच्या बाजूला क्रँक पुली आणि टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप क्रँकशी जुळवणारा पट्टा) काढल्यावर सील दिसते. तेलात भिजलेला बेल्ट पुन्हा वापरण्याचा विषयही त्यांनी काढू दिला नाही, आणि ते योग्यच होते.

खरे कसब जुने सील उपसताना दिसते. पेचकसाचा एक ओरखडा शाफ्टवर उमटला तरी नवे सील गळणारच. मिस्त्रींनी सीलच्या धातूच्या कड्यात बारीक स्क्रू बसवून ते सरळ ओढून काढले, मग शाफ्टवर नख फिरवून जुन्या सीलच्या ओठाने, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेने, पाडलेली खाच तपासली. खाच किंचित जाणवत होती, तेव्हा नवे सील त्यांनी जरासे कमी खोल बसवले, जेणेकरून त्याचा ओठ न झिजलेल्या जागेवर टेकावा. ओठाला तेलाचे बोट लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून आणि सीलच्याच मापाची रिंग वापरून ते चारी बाजूंनी सारखे ठोकत आत नेले. पीटीएफई या टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकचे सील मात्र कोरडेच बसवायचे असते, हेही त्यांना ठाऊक होते. बाहेरच्या शिकाऊ मुलाला ते बजावताना मी ऐकले. फ्लायव्हीलचे बोल्ट टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळता येणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने आवळले. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये टॉर्क पाना वापरात दिसणे हे माझ्या मते अर्धे प्रशस्तिपत्रकच आहे.

आता उणिवा. क्लच संचाचा खर्च गिअरबॉक्स उतरल्यावर फोनवर कळवला गेला, जो आधीच शक्यता म्हणून सांगता आला असता. बिलात सुटे भाग आणि मजुरी एकत्र लिहिली होती. वेगळी मांडून द्यायला लावावी लागली. गाडीही ठरल्या दिवसापेक्षा उशिरा मिळाली. बसायला जागा नाही, पत्र्याच्या शेडखाली दुपारी थांबणे अशक्य आहे, त्यामुळे सकाळीच जावे. जुने भाग मात्र न मागता डिकीत ठेवलेले होते. पावसाळा सरला तरी अंगणातल्या फरशीवर तेलाचा थेंब पडलेला नाही, आणि टायमिंग बेल्टचे पुढचे काम मी येथेच देणार आहे, फक्त अंदाजपत्रक आधी कागदावर लिहून घेईन.