थंडीत बास गरवायला शिकताना: पेडल कयाक की सपाट बुडाची छोटी बोट?

थंडीत बास, म्हणजे गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा, गरवायला शिकायचं म्हटलं की आधी पेच पडतो तो बोटीचा. मोठ्या इंजिनाची चकचकीत बास बोट बाजूला ठेवू. नवशिक्यासमोर खरे दोन पर्याय उरतात: वर बसून पायांनी चालवायची पेडल कयाक, आणि दहा ते चौदा फुटी, सपाट बुडाची ॲल्युमिनियमची बोट, जिला जॉन बोट म्हणतात. वेग, किंमत, ठेवायला लागणारी जागा यांवरून या दोघींची तुलना नेहमीच होते. पाणी १० अंश सेल्सियसच्या खाली गेलं की ती सगळी चर्चा मागे पडते. मी आधी दोनच गोष्टी विचारतो. ही बोट एका जागी किती वेळ गप्प उभी राहील? आणि माणूस पाण्यात पडला तर पुढे काय?

पहिला प्रश्न माशामुळे येतो. बासचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं. पाणी गारठलं की त्याचं पचन मंदावतं, भूक घटते आणि भक्ष्यामागे लांब धावण्याची त्याची तयारी नसते. त्यात पाण्याचा एक गुण असा की ते ४ अंशांना सर्वांत जड असतं. वरचा थर त्याहून गार झाला, अगदी गोठला, तरी तळाशी थोडं उबदार पाणी टिकून राहतं. त्यामुळे मासे खोल उतारांवर, धरणाखाली बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या काठाशी, खडकांच्या कडांवर गर्दी करून थांबतात. बासच्या दोन जातींपैकी लार्जमाउथ जास्त सुस्तावतो, स्मॉलमाउथ त्या मानाने गार पाण्यात बऱ्यापैकी हालचाल करतो, पण जागा धरून राहणं दोघांचंही सारखंच. उन्हाळ्यात काठाकाठाने फिरत शंभर ठिकाणी आमिष टाकता येतं. थंडीत एक जागा शोधायची आणि तिच्यावर चिकाटीने, अतिशय संथपणे गरवायचं. मासा ओढही देत नाही धड. तंगूस जरा जड वाटतो, किंवा उगाच सैल पडतो, इतकंच. बोट वाऱ्याने सरकत असेल तर ही खूण हाताला कळतच नाही.

एका जागी उभं राहणं

इथे पेडल कयाक अपेक्षेपेक्षा बरी ठरते. पाय पुढे-मागे फिरवून ती वाऱ्याविरुद्ध धरून ठेवता येते आणि हात रॉडवर राहतात. मात्र पायाने मागे जाता येणारी यंत्रणा असेल तरच हे जमतं; जुन्या काही पेडल कयाक फक्त पुढेच जातात. साध्या वल्ह्याच्या कयाकचा विचार थंडीसाठी मी करणारच नाही. वल्हं उचललं की रॉड खाली ठेवावा लागतो, आणि वल्ह्यावरून ओघळणारं पाणी बाहीत शिरतं ते वेगळंच.

जॉन बोटीचं सपाट बूड वाऱ्यात पानासारखं वाहवतं. पण तिच्या नाळेवर बॅटरीवर चालणारी ट्रोलिंग मोटर बसवता येते, आणि जीपीएसवर जागा धरून ठेवणारी मोटर असेल तर विषयच संपतो: बटण दाबायचं आणि दोन्ही हातांनी गरवायचं. मोटर किती ताकदीची, याचा रूढ हिशेब असा की बोट, माणसं आणि सामान धरून दर १०० पौंडांमागे किमान २ पौंड थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याची ताकद. वारा असणाऱ्या पाण्यात त्यावर भरपूर भर घालावी. जीपीएसची मोटर नसेल तर पुढे एक आणि मागे एक असे दोन नांगर टाकले की बोट फिरत नाही. हे शांत तलावातच करायचं. वाहत्या पाण्यात मागून नांगर टाकणं धोक्याचं, मग बोट कुठलीही असो; प्रवाह मागच्या बाजूने चढून पाणी आत घेतो. कयाकमध्ये तर नांगराची दोरी बाजूला अडकून कयाक आडवी झाली की उलटायला क्षणही लागत नाही.

एका जागी टिकण्यात जॉन बोट जिंकते, असं माझं मत. अट एकच, मोटर आणि बॅटरी चांगली हवी. थंडीत बॅटरीचंही गणित बदलतं. शिशाच्या बॅटरीची क्षमता शून्य अंशाजवळ सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी आणि थंडीत काम देणारी, पण शून्याखाली ती चार्ज करायची नसते, नाहीतर कायमची बिघडते. घरात आणून चार्ज करा.

पाण्यात पडल्यावर

इथे सावकाश बोलायला हवं, कारण बहुतेक लोक हायपोथर्मियाला, म्हणजे शरीराचं तापमान घातक पातळीपर्यंत उतरण्याला, घाबरतात आणि खरा धोका त्याच्या बराच आधी येतो. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात आपोआप मोठा श्वास ओढला जातो आणि मग धाप लागते. तोंड पाण्याखाली असताना तो श्वास आला तर माणूस तिथेच बुडतो, पट्टीचा पोहणारा असला तरी. प्रशिक्षणात एक-दहा-एक हे सूत्र शिकवतात: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. म्हणजे स्वतःला वाचवायचं ते त्या दहा मिनिटांत. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीराची उष्णता ओढून नेतं, म्हणून हवा सुखद असलेला कोवळ्या उन्हाचा दिवस फसवा असतो. कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाप्रमाणे घालायचे.

कयाकमधून पडण्याची शक्यता जास्त. बूड अरुंद, वजन कमी, आणि मासा लागला की माणूस एका बाजूला झुकतोच. पण पडल्यावर परत चढायला सिट-ऑन-टॉप कयाक सोपी असते: उलटी झाली तर सरळ करायची, पाय पाण्यावर मारत पोटावर चढायचं, मग वळून बसायचं. आधी उबदार पाण्यात, पूर्ण कपड्यांनिशी, याचा सराव केलेला असेल तर. रॉड होल्डर, सोनारचा (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राचा) पडदा, सामानाची पेटी हे सगळं लावून केलेला सराव वेगळा आणि मोकळ्या कयाकवरचा वेगळा, हे विसरू नये. आत बसायच्या बंद कयाकमध्ये पाणी भरतं आणि खोल पाण्यात पुन्हा चढणं फार अवघड. नवशिक्याने थंडीत तिच्या वाटेला जाऊ नये.

जॉन बोटीतून पडणं कमी घडतं, पण घडलं तर गंभीर. काठ उंच, पकडायला काही नाही, भिजलेल्या कपड्यांत स्वतःला वर खेचायला लागणारी ताकद गारठलेल्या हातांत नसते. मागच्या बाजूला एक शिडी, निदान पाय ठेवायला दोरीचं कडं असायलाच हवं. इंजिन असेल तर किल स्विचची (माणूस पडताच इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी अंगाला बांधलेली हवी, नाहीतर बोट माणसाला सोडून निघून जाते. पडण्याची कारणंही ठरलेली: उभं राहून गरवताना तोल जाणं, ओल्या ॲल्युमिनियमवर बूट घसरणं, आणि हो, कडेवर उभं राहून लघवी करणं. हसू नका, यात माणसं गेली आहेत.

थोडक्यात, पेडल कयाक घेतली तर ड्रायसूट हा बोटीच्या किमतीचाच भाग धरा. मनगटाला आणि गळ्याला पाणी अडवणारा सूट, आत लोकरीचे थर. सुती कपडा अजिबात नाही. जॉन बोटीवरही ड्रायसूट उत्तमच, पण तिथे तरंगणारा उबदार जॅकेट-पँटचा सूट बरेच जण वापरतात आणि तो चालून जातो. लाइफ जॅकेट मात्र दोन्हीकडे फोमचं घ्या आणि अंगात घाला. फुगणाऱ्या जॅकेटची दोरी ओढायला बोटं चालायला हवीत, आणि फोम छातीला ऊबही देतो. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांखालच्या खासगी बोटीत लाइफ जॅकेट अंगात घालण्याची सक्ती आहे. ते जवळ ठेवलेलं असून भागत नाही.

हात, बर्फ आणि आमिष

कयाकमध्ये माणूस पाण्याच्या अगदी जवळ बसतो, बूड ओलं राहतं, पण पाय फिरत असल्यामुळे शरीर तापतं. जॉन बोटीत उलट: अंग कोरडं, पण तासन्‌तास न हलता बसल्यावर ॲल्युमिनियमचा गारठा बुटाच्या तळव्यातून वर चढतो. तळाला रबरी चटई किंवा जाड फोम टाकला की थंडीही अडते आणि आवाजही. थर्मास, कोरड्या हातमोज्यांची दुसरी जोडी, अंगाला पुसायचा पंचा ठेवायला जागा जॉन बोटीतच नीट मिळते.

रॉडवरच्या, तंगूस ओवायच्या कड्यांत बर्फ धरतो. वेणीचा तंगूस पाणी शोषून वर आणतो, त्यामुळे शून्याखाली तो सर्वांत जास्त त्रास देतो, फ्लोरोकार्बनचा एकपदरी तंगूस बरा. कड्यांना लिप बाम चोळला तर बर्फ धरायला वेळ लागतो. मोडून काढताना बोटाने ढकलू नका, कड्याच्या आतली रिंग निसटते. रॉडचं टोक पाण्यात बुडवून वितळवा.

आमिषाची निवड बोटीशी जोडलेली आहे, आणि तुलनांमध्ये हे सहसा येतच नाही. पाण्यात अधांतरी थांबणारा जर्कबेट (छोट्या माशासारखं कडक आमिष) झटका देऊन दहा, वीस, कधी तीस सेकंद तसाच सोडायचा असतो. त्याला फार खोल पाणी लागत नाही, त्यामुळे कयाकवरून तो छान जमतो. उत्तर गोलार्धात दुपारी उत्तरेच्या काठावरचे, ऊन खाल्लेले खडक यासाठी पाहावेत. धातूच्या पात्याचं आमिष (ब्लेड बेट) किंवा चमच्याच्या आकाराचं आमिष सरळ खाली सोडून वीतभर उचलायचं आणि पडू द्यायचं, ही खोल पाण्याची कला. ती शिकायला बोट माशांच्या डोक्यावर स्थिर हवी, सोनार हवा, आणि म्हणून जॉन बोट हवी. जिग (डोक्याशी वजन असलेला गळ) तळावर घासत आणणं दोन्हीकडून होतं.

खोलातून मासा काढताना एक सांभाळा. नऊ-दहा मीटरच्या खालून वर आणलेल्या बासची हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावर तो खाली जाऊ शकत नाही. सोडून द्यायचे असतील तर तितक्या खोल गरवूच नका. गोठवणाऱ्या हवेत फोटोसाठी मासा धरून बसू नका, कल्ले नाजूक असतात.

मग कोणी काय घ्यावं?

बरोबर कोणी असेल, बोट उतरवायला उतार असेल आणि थंडीतच शिकायला सुरुवात करायची असेल, तर जॉन बोट. शिकवणारा शेजारी बसून तुमच्या तंगूसाकडे बघू शकतो, हा फायदा कुठल्याही उपकरणात नाही. एकट्याने जायचं असेल, पाणी छोटं आणि काठ जवळ असेल, ड्रायसूटची तयारी असेल आणि उन्हाळ्यात पडण्या-चढण्याचा सराव झालेला असेल, तर पेडल कयाक. यातली एक गोष्ट जरी नसली तरी यंदा काठावरून गरवा. उचलायला कयाक हलकी हा समज मोठ्या पेडल कयाकच्या बाबतीत खरा नाही. ती ४५ किलोंच्या पुढे सहज जाते आणि एकट्याने गाडीच्या टपावर चढत नाही.

वापरलेली घेत असाल तर जॉन बोटीत आतून थोडं पाणी भरून खालून रिव्हेट गळतात का बघा. बाकाखालचा फोमही दाबून पाहा. पाणी प्यालेला फोम बोटीला नुसता जड करतो. कयाकच्या बाबतीत स्कपरच्या (पाणी निचरा होण्याच्या) भोकांभोवती आणि पेडलच्या खाचेपाशी बारीक चिरा तपासा. उन्हात पडून राहिलेलं प्लास्टिक पहिल्यांदा तिथेच तडकतं.