दगड रंगवण्याचं किट: आठ महिन्यांनंतर, आणि झाकणांबद्दल जरा जास्तच

परवा किटचं शेवटचं झाकण तुटलं, म्हणून लिहायला बसले.

बारा दगड, एकमेकांना जोडलेल्या सहा डब्या, दोन ब्रश, चिकटवायचे डोळे. ही किटं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे. ऑगस्टमध्ये ४४९ रुपयांना घेतलं. लेक तेव्हा दोन वर्षं चार महिन्यांची होती, जाऊबाईंचा मुलगा साडेतीनचा. पार्सल फोडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, दगड विकत आणलेस?" तेही साताऱ्यात राहून. पलीकडे माहुलीच्या संगमावर कृष्णा-वेण्णा दोघी दगड घासून फुकट ठेवतायत. मी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच.

तर झाकणं. डबीत रंग चमचाभरही नाही, पण झाकण असं बसवलेलं की नखाने दाद देत नाही, आणि देतं तेव्हा फट्‌कन उडून रंग थेट कपड्यावर. बिजागरी म्हणजे प्लास्टिकची एक पातळ पट्टी. दहा-बारा वेळा उघडमीट झाली की ती पांढरी पडते, मग चिरते. एकदा चिरली की झाकण नीट बसत नाही आणि आतल्या अ‍ॅक्रिलिक रंगाचं रात्रीत रबर होतं. निळा पहिल्याच आठवड्यात गेला. ४४९ रुपयांत बिजागरी देता येत नाही?

तक्रार केली. आधी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. दोन पोरं अंगावर चढलेली असताना कोण व्हिडिओ काढतं? मग म्हणाले, परत करायची मुदत सातच दिवसांची होती. शेवटी ५० रुपयांचं कूपन दिलं, तेही ४९९ च्या पुढच्या खरेदीवर. म्हणजे पन्नास वाचवायला अजून पाचशे घाला!

अ‍ॅक्रिलिक ओलं असेपर्यंत पाण्याने निघतं, वाळलं की त्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो. कापडावर असेल तर निघत नाही. माझा सुती कुर्ता आता फक्त याच कामाला नेसते... घालते, म्हणजे. पण किटच्या दगडांवर मात्र उलटंच. ते इतके चकाकणारे, कसलंसं पॉलिश मारलेले, की दुधावरची साय काढावी तसा अख्खा रंग सोलून हातात येतो. मुलांना सोलण्यातच जास्त मजा आली. भांड्यांची पावडर लावून काथ्याने घासून पाहिलं, काही उपयोग नाही. हार्डवेअरच्या दुकानातून ८० नंबरचा पॉलिश पेपर आणून घासले तेव्हा रंग धरला. दगड विकत घ्यायचे आणि वर घासायचेही आपणच.

आणखी एक, हे मात्र गंमतीत घेऊ नका. पाकिटावर ३+ लिहिलंय ते मी मनावर घेतलं नव्हतं. लहान मुलांच्या खेळण्यांचे, घशात अडकतील असे बारीक भाग तपासायची नळी जेमतेम ३२ मिलिमीटर रुंद असते. टॉयलेट रोलच्या आतला पुठ्ठा त्याहून मोठा, म्हणून घरी तोच वापरा. त्यातून जो दगड खाली पडेल तो बाद. आमच्या बारातले चार पडले. डोळे तर पहिल्याच दिवशी कपाटावर ठेवले.

नोव्हेंबरपर्यंत माझं मत एवढंच होतं: घेऊ नका. किटबद्दल आजही तेच आहे, खेळाबद्दल मात्र बदललं.

डिसेंबरात माहुलीला गेलो आणि पिशवीभर दगड आणले. आपला काळा बेसाल्ट, मुठीएवढा, बारीक छिद्रांचा, मधूनमधून पांढरे दाणे असलेला. धुऊन दोन दिवस उन्हात ठेवले. काळ्यावर पिवळा दिसतच नाही, म्हणून भिंतीचा उरलेला पांढरा इमल्शन खाली मारला. (ते मी मारलं, मुलं झोपल्यावर. माळ्यावरचा जुनाट ऑइलपेंटचा डबा मात्र काढू नका. घरगुती रंगातल्या विषारी शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली, त्याआधीच्या डब्यात काय असेल सांगता येत नाही.) वरून साधे पोस्टर कलर. ते धुतले की जातात, आणि तेच हवं होतं. लेक रंगवते सात मिनिटं, बादलीत बसून दगड धुते पाऊण तास. तेच दहा दगड आजवर किती वेळा रंगले याचा हिशेब नाही. खर्च शून्य.

फेब्रुवारीत एकदा रंग संपले होते, म्हणून नुसतं पाणी दिलं. न रंगवलेला कोरडा दगड राखाडी असतो. ब्रशने पाणी फिरवलं की तेवढाच भाग काळाकुळकुळीत होतो, आणि गच्चीवरच्या उन्हात कडेकडेने परत राखाडी होत जातो. लेक गुडघे टेकून, नाक दगडाला लावून बघत बसली. "गेलं," म्हणाली. मग "पुन्ना." तेव्हापासून निम्मे दिवस पाणीच. किटच्या डब्या पाण्याला लागल्या. पाण्याला झाकण कशाला हवं, पण ती खेळ संपल्यावर एकेक झाकण दाबून लावणारच. शेवटचं परवा असंच गेलं. आता ती तीनची झाली, म्हणजे पाकिटाच्या हिशेबाने सुरुवात करायच्या वयाची.

ब्रश चांगले आहेत, हे कबूल. जाड दांड्याचे, छोट्या मुठीत बसणारे, अजून केस गळलेले नाहीत. दोन स्टार देते, दोन्ही ब्रशांचे.

जाऊबाईंच्या मुलाने मध्यंतरी एक दगड अख्खा केशरी केला आणि वाळायला तुळशीपाशी ठेवला. सकाळी कामाच्या मावशींनी त्यावर जास्वंद वाहिलेलं. आता बाकीचे नऊच धुवायला मिळतात, त्याला हात लावायचा नाही असं सासूबाईंनी बजावलंय.