शाळेने दिलेला लॅपटॉप: जूनपासूनचा अनुभव

लेक आठवीत गेली तेव्हा शाळेने वर्गातल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. मालकीचा नाही, वापरायला. दहावी झाली की परत करायचा. जून ते जानेवारी तो बडोद्यात, आमच्या दांडिया बाजारातल्या घरी रोज येतोय. माझं मत आता पक्कं आहे: शाळांनी मुलांना कॉम्प्युटर द्यावेत, आणि द्यायचे तर घरी न्यायला द्यावेत. लॅबमध्ये आठवड्यातून एक तास, एका मशीनपुढे तिघं, त्यातही माउस एकाच्याच हातात. त्यातून फारसं काही हाती लागत नाही.

आधी मशीनबद्दल. स्क्रीन ११.६ इंची, रॅम ४ जीबी, साठवण ६४ जीबी. विंडोज ११ चालायला किमान जेवढं लागतं, नेमकं तेवढंच. लिहायला काही अडचण नाही, पण ब्राउझरमध्ये चार-पाच पानं उघडली की अडखळतो, आणि मोठा अपडेट आला की जागा कमी पडते. ज्या शाळा आता खरेदी करणार असतील त्यांनी ८ जीबीच्या खाली जाऊ नये. बॅटरी शाळेचा दिवस काढते. झाकणाची बिजागरी मात्र दिवाळीपर्यंतच सैल झाली, कारण दप्तरात वह्या-पुस्तकांचा भार त्यावरच येतो. जाड कव्हर पहिल्या दिवशीच घ्या. कीबोर्ड चांगला आहे, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्यात मोलाचा भाग तोच.

कारण घरात मोबाइल आधीपासून होताच. मोबाइलवर मूल बघतं. कीबोर्ड पुढे आला की लिहितं. आमच्या घरात मराठी, शाळेत गुजराती. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरवलेल्या कीबोर्डवर दोन्हींची मांडणी एकच आहे: ज्या कळीवर मराठी ‘क’, त्याच कळीवर गुजराती ‘क’, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. त्यामुळे एक भाषा हाताला बसली तशी दुसरी आपोआप बसली. रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची पद्धत सोपी वाटते, पण मुलांना इनस्क्रिप्टच शिकवा असं मी आग्रहाने सांगेन. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे कंटाळवाणे जातात, जोडाक्षरं छळतात, मग बोटं स्वतःच चालायला लागतात. आता आजोबा रावपुऱ्यातल्या त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगतात आणि ती टाइप करते. ‘अगं, ते असं नव्हतं, आधी ते घाल,’ असं आजोबा म्हणाले की परिच्छेद उचलून वर नेते. वहीत हे करायचं तर पान फाडावं लागलं असतं, आणि पान फाडायला मुलं तयार नसतात. म्हणून पहिला खर्डाच शेवटचा ठरतो.

गणिताला जिओजेब्रा, म्हणजे आकृत्या काढून हलवून बघायचं सॉफ्टवेअर. त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा एकाच बिंदूत मिळतात हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि शिरोबिंदू धरून ओढताना तो बिंदू सोबत सरकताना पाहणं वेगळं. एकदा घेतलं की इंटरनेट लागत नाही. विज्ञानाच्या बाईंनी घराच्या लाइट बिलाची युनिटं तक्त्यात भरून आलेख काढायला सांगितला. मे महिन्यातला कूलर त्या आलेखात स्पष्ट दिसला.

पण सगळेच तास असे नाहीत. एका विषयाचा गृहपाठ म्हणजे वहीत लिहा, मोबाइलने फोटो काढा, लॅपटॉपवर चढवा. धडे पीडीएफ करून पाठवतात, जे छापील पुस्तकात आहेतच. यात मुलांचे फक्त डोळे शिणतात. पेरूमध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेत लाखो लॅपटॉप वाटले गेले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला: गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही, आकलनाच्या सर्वसाधारण चाचण्यांत मात्र थोडी वाढ दिसली. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं. मला याचं आश्चर्य वाटत नाही. आमच्याकडेही एकाच वर्गात, एकाच मशीनवर, एका विषयात मुलगी पुढे गेली आणि दुसऱ्यात तसूभरही नाही. फरक पडला तो शिक्षकाने काय करायला सांगितलं यावर. म्हणून खरेदीचे पैसे ठरवताना शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे पैसे त्याच वेळी बाजूला काढायला हवेत.

‘घरी दिले तर मुलं मोडतील’ ही शंका पालकसभेत बऱ्याचदा येते. बडोद्यात तरी तिचं उत्तर शोधायला लांब जायला नको. सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पण ते शाळेपाशी थांबले नाहीत. १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना आणून ग्रंथालयांचं जाळं उभारलं, आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. पुस्तकं फाटतील, हरवतील हे त्यांनाही कळत होतंच. तरी दिली.

माझी खरी तक्रार हमीपत्राची आहे. ‘नुकसान झाल्यास संपूर्ण किंमत पालकांनी भरावी’ असं त्यात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांनी यावर सही कशी करायची? लेकीच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी लॅपटॉप घेतलाच नाही, आणि ज्या घरात दुसरं काहीच साधन नाही तेच घर वगळलं गेलं. दुसरं म्हणजे दुरुस्ती. लॅपटॉप दुरुस्तीला गेला की बदली मिळत नाही. आमचा चार्जिंगच्या पिनसाठी गेला तो आठवडा उलटला तरी आला नव्हता, आणि तेवढे दिवस ती शेजारणीच्या मशीनमध्ये डोकावत होती. दर वर्गामागे दोन-तीन मशीन शिल्लक ठेवली तर हा प्रश्न सुटतो.

एप्रिलच्या पालकसभेत मी तीन मागण्या लेखी देणार आहे: सगळ्या मशीनचा एकत्र विमा, बदली मशीन, आणि पुढची खरेदी ८ जीबीची. ज्यांची मुलं आठवी-नववीत आहेत त्यांनी सहीसाठी मला कळवा. अर्ज मराठी आणि गुजराती दोन्हींत तयार आहे, लेकीनेच टाइप केलाय.