जिल्हा दैनिकाची वर्गणी: आठ-नऊ महिने वाचल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या जिल्ह्यातल्या एका दैनिकाची वर्षाची वर्गणी भरली. मुंबईचा मोठा पेपर घरी येतच होता. "आता आणखी रद्दी कशाला?" असं बायकोने विचारलंच. पेपरचं नाव मुद्दाम टाकत नाही. तुमच्या जिल्ह्यातला कुठलाही घ्या, गुणदोष साधारण हेच निघतील.

आधी तक्रारी. आठ पानांतलं एखादं पान हमखास वाढदिवसांचं: मधे हात जोडलेले भाऊ, खाली शुभेच्छुकांची पलटण. शुद्धलेखनाबद्दल न बोललेलं बरं. प्रेसनोट आली की 'मोलाचे मार्गदर्शन केले'सकट जशीच्या तशी छापतात. धो धो पावसात अंक दुपारी उगवतो, तोही ओला. ई-पेपर मोबाइलवर वाचताना पान इतकं ताणावं लागतं की बातमीचा शेवट हाती लागेपर्यंत सुरुवात विसरते.

तरी वर्गणी वसूल झाली असं म्हणतो, ते आमच्या चिपळूणमुळे. २२ जुलै २०२१ च्या पुरात सगळ्या वाहिन्या इथे आल्या होत्या. छपरावर अडकलेली माणसं दाखवली, पाणी ओसरलं, गाड्या गेल्या. आमचे प्रश्न त्यानंतर सुरू झाले. वाशिष्ठी नदीतला गाळ किती काढला, काढलेला कुठे टाकला, निळ्या आणि लाल पूररेषेत (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं त्याच्या सरकारने आखलेल्या हद्दी) कोणाचं घर येतं, तिथे बांधकामाला परवानगी मिळणार की नाही? मुंबईच्या पेपरला यात रस नसणार, आणि त्यात त्याची चूकही नाही. पण या छोट्या पेपरात गाळाची बातमी आजही येते, कधी चार ओळींची, कधी फोटोसकट. जुलैत 'कोळकेवाडीतून पाणी सोडलं' असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरायला लागला की घाबरगुंडी उडते. त्या दिवसांत पेपरात धरणाची स्थिती आणि भरतीची वेळ वाचायला मिळाली. भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले की काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. रात्री पाणी चढायला लागलं तर मात्र छापील पेपर कुचकामी, तिथे शेजाऱ्याचा फोनच खरा.

दुसरा उपयोग निवडणुकीत झाला. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांत नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. आमच्याकडेही तीन-चार वर्षं निवडून आलेलं कोणी नव्हतं. सभागृहच नाही, तर प्रश्न विचारणार कोण? निविदा, पाणीयोजना, कचऱ्याचा ठेका यांच्यावर लक्ष ठेवणारा तेवढ्या काळात बहुधा वार्ताहरच उरला होता. डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं तेव्हा प्रभागातल्या उमेदवारांबद्दल जे थोडंफार कळलं ते इथूनच.

पण त्याच महिन्यात हा पेपर सगळ्यात जास्त खटकला. 'विकासाचा ध्यास घेतलेले नेतृत्व' अशा थाटाचा अर्ध्या पानाचा मजकूर, आणि 'जाहिरात' हा शब्द कुठेच नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, केवढा गदारोळ झाला, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवालही दिला. तालुक्याला त्याचा वारा लागलेला दिसत नाही.

याचं कारण आकड्यात आहे. अंकाच्या किमतीत कागदाचा खर्चही धड निघत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो. असलंच तर किरकोळ मानधन आणि आणलेल्या जाहिरातीवर कमिशन. म्हणजे सकाळी ज्या ठेकेदाराबद्दल लिहायचं, त्याच्याकडेच दिवाळी अंकाची जाहिरात मागायला जायचं. त्यातून कोणी लिहिलंच तर काय होऊ शकतं, हे आमच्या जिल्ह्याने पाहिलंय. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची रिफायनरीच्या वादातली बातमी छापून आली त्याच दिवशी, ६ फेब्रुवारी २०२३ ला, गाडीने त्यांना चिरडलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१७ मध्येच मंजूर केलेला असूनही हे घडलं.

म्हणून वर्गणीकडे मी नुसती पेपरची किंमत म्हणून बघत नाही. वाचकांचे पैसे वाढले तर शुभेच्छुकांच्या पलटणीवरचा भार थोडा तरी हलका होईल, एवढाच हिशोब. संपादक तेवढ्याने सुधारतील याची खात्री नाही.

एक अनपेक्षित फायदा राहिलाच: जाहीर नोटिसा. गावाकडच्या सामाईक जमिनीच्या व्यवहाराची वकिलाची नोटीस आतल्या पानावर, बारीक टायपात आली होती, हरकतीची मुदत पंधरा दिवस. फोटो काढून बोरिवलीच्या चुलतभावाला पाठवला. त्याचा सातबारावर हिस्सा, आणि त्याला पत्ताच नव्हता.

पाचपैकी साडेतीन तारे. देशविदेश, क्रिकेट, शेअर बाजार हवं असेल तर घेऊ नका. गावात घर किंवा जमीन आहे आणि आपण मुंबईत, तर ई-पेपर तरी घ्या, डोळे ताणावे लागले तरी. मी पुढच्या वर्षाचे पैसे भरलेत, आणि पावतीसोबत संपादकांना चिठ्ठी दिलीय: पैसे घेऊन छापता त्यावर 'जाहिरात' लिहा. उत्तर अजून आलेलं नाही.