कणेरी की लोटली? आम्हा दोघांची थंडीतली एक दिवसाची ट्रिप

बेळगावहून एका दिवसात जाऊन यायचं तर आमच्यापुढे दोनच नावं होती, कोल्हापूरजवळचं कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम आणि गोव्यात लोटलीचं 'बिग फूट' म्युझियम, गेल्या थंडीत आम्ही दोन्ही केली.

कणेरीला हायवेने सरळ जाता येतं, घाट गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ल्यासारखा अवघड नाही, त्यामुळे ह्यांच्या पाठीला त्रास झाला नाही. आत सगळं गाव माणसाएवढ्या पुतळ्यांचं, बारा बलुतेदार, न्हावी, लोहार, कुंभार, शेतात औत. एका पुतळ्याच्या हातावरच्या शिरा बघून हे तिथेच थांबले, म्हणाले अगदी आबांचे हात गं, आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. फक्त चालणं भरपूर आहे, गुडघे दुखत असतील तर सकाळी लवकर जा, ऊन कोवळं असतं.

लोटली त्यामानाने छोटं, झाडांच्या सावलीतलं, तासा-दीड तासात आरामात होतं. जुन्या गोव्यातली घरं, बाजार, मासेवाली, आणि जांभ्या दगडात कोरलेली आडवी संत मीराबाई, 14 मीटर लांब! रस्त्यापलीकडे आल्वारिश कुटुंबाचा जुना वाडाही बघता येतो. पण डिसेंबरअखेर गोव्याला गर्दी फार, आणि घाटात मला मळमळलं.

सोबत नातवंडं असतील, किंवा आपलं बालपण खेड्यात गेलं असेल तर कणेरीच. मीराबाईसाठी मात्र मी लोटलीला परत जाईन, फक्त जानेवारीत, आणि मडगावला मुक्काम करून.