जुनी एसयूव्ही घेताना: तपासणीचा रिपोर्ट की ओळखीचा मेस्त्री?

मागच्या मे महिन्यात 2016 ची डिझेल स्कॉर्पिओ घेतली. तिच्याआधी दोन गाड्या बघून सोडल्या. तिन्ही वेळा दोन्ही करून पाहिलं: पैसे भरून गाड्या तपासणाऱ्या कंपनीकडून तपासणीचा रिपोर्ट मागवला आणि साताऱ्याच्या आमच्या मेस्त्रींनाही बरोबर नेलं. आरसी, विमा, हायपोथिकेशन (गाडीवरच्या कर्जाची नोंद) उतरलंय का, हे तुम्ही बघालच. त्यात शिरत नाही.

आधी रिपोर्टची बाजू. रंगाची जाडी मोजायचं यंत्र त्यांच्याकडे असतं. मेस्त्री दारावर बोटाने टकटक करून "इथे पुट्टी आहे" म्हणतात, म्हणजे ठोकर लागून पत्रा भरून रंगवलाय, आणि बहुतेक वेळा बरोबर असतात, पण घासाघीस करताना समोरच्याला आकडा दाखवता आला तर बरं पडतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनरही त्यांचा चांगला. गाडी नागपूरला आणि तुम्ही पुण्यात असाल तर रिपोर्टला पर्यायच नाही. शिवाय मेस्त्रींचे स्वतःचे हट्ट असतात. आमच्यांना महिंद्रा सोडून दुसरं काही गाडी वाटतच नाही. आणि विकणारा एजंट त्यांच्या ओळखीचा निघाला तर मग तुमचं नशीब.

तरीही रिपोर्टवरून माझं मन उडालं ते एका वाक्यामुळे. पहिल्या गाडीच्या वेळी तपासणीला आलेला मुलगा नम्र होता, टॅबवर भराभर खुणा करत होता. म्हटलं, ड्रायव्हर सीटखालचं कार्पेट जरा उचलून बघूया. तो म्हणाला, "सर, आम्ही काही उघडत नाही. दिसतं तेवढंच." रिपोर्ट संध्याकाळी आला, इंटिरियरपुढे हिरवी खूण.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी मालकाला विचारून काढली आणि कार्पेट वर केलं. खालच्या वायरिंगच्या कनेक्टरमध्ये वाळलेला बारीक गाळ. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर एरवी गुंडाळलेल्या भागावर पाण्याची रेघ. म्हणजे गाडी पाण्यात बुडालेली. 2019 ला सांगली-कोल्हापूरचा पूर, 2021 ला चिपळूणचा. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुढे कुठेतरी विकल्या जाणारच. ही त्यातलीच होती असं मी म्हणत नाही. पण अशा गाडीचं वायरिंग पुढची दोन-तीन वर्षं एकेक करून त्रास देतं, आणि तो त्रास टेस्ट ड्राइव्हला दिसत नाही. तपासणीचे पैसे परत मागितले, तेव्हा रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात तेच वाक्य सापडलं.

दुसरी गाडी इंजिनावरून सुटली. आपण पोहोचेपर्यंत यार्डवाले गाडी चालू करून गरम करून ठेवतात. गरम डिझेल इंजिन बरंच लपवतं. मेस्त्रींनी आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत चावी लावू नका. सकाळी सातला आधी बॉनेटवर हात ठेवला, मग स्टार्ट. ऑइलचं झाकण काढल्यावर तिथून धूर भकाभका. "बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन काम मागतंय," एवढं म्हणून ते चहाला गेले. म्हणजे इंजिन आतून झिजलंय, सिलिंडरमधला वायू खाली गळतोय. रिपोर्टमध्ये इंजिनला पाचपैकी चार होते.

स्कॉर्पिओच्या वेळी ते खाली झोपून चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) दोन्ही पट्ट्या हाताने चाचपत गेले, वेल्डिंग कुठे नंतरचं आहे का बघायला. मागच्या हाउसिंगची, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीची, घरघर येते का ऐकलं. फक्त क्लच संपत आलेला निघाला, तेवढे पैसे किमतीतून तुटले. आतापर्यंत ती ठीक आहे. वर्षभरात छातीठोकपणे काय सांगणार?

पैसे असतील तर दोन्ही करा. तुमच्या ओळखीत मेस्त्री नसेल तर रिपोर्ट घ्याच, नाही म्हणत नाही. फक्त पैसे भरण्याआधी त्यांना विचारा, कार्पेट उचलून बघणार का.